दुसऱ्याचे भय आणि वस्तीची सुरक्षितता

शहरातली एखादी वस्ती सुरक्षित आहे की नाही, हे ठरवताना पहिला हात पोलिसांच्या आकडेवारीला लागतो. एक लाख लोकसंख्येमागे वर्षभरात किती गुन्हे नोंदले गेले, तो गुन्ह्यांचा दर. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग हे आकडे प्रसिद्ध करतो आणि नोंदी वाढल्या म्हणजे गुन्हे वाढलेच असे समजू नये, असेही बजावतो. ललिता कुमारी खटल्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवून घेणे पोलिसांवर बंधनकारक असल्याचा निकाल दिला. ज्या ठाण्यात तक्रार घेऊन आलेल्या बाईला खुर्ची मिळते, तिथला आकडा चढतो. जिथून तिला परत पाठवले जाते, तिथला कागदोपत्री चांगला दिसतो. शिवाय भीती या आकड्यांच्या मागोमाग चालत नाही. वर्षभरात एकही घरफोडी न झालेल्या इमारतीतही माणसे दाराला दुसरी कडी बसवून घेतात. म्हणून वस्तीच्या सुरक्षिततेचा प्रश्न गुन्ह्यांइतकाच भयाचाही आहे, आणि भय हा तत्त्वज्ञानाचा फार जुना विषय आहे.

बृहदारण्यक उपनिषदातील सृष्टीच्या आरंभीचा पुरुष एकटा असल्यामुळे घाबरतो. मग त्याच्या लक्षात येते, की आपल्यावाचून इथे कोणीच नाही, तेव्हा भ्यायचे कोणाला? भय असते ते दुसऱ्यापासून. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची यादी अभयापासून सुरू होते, आणि ज्ञानेश्वरीही अभयाचे मूळ अद्वैताच्या अनुभवात पाहते. याच्या अगदी उलट टोकाला इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्ज उभा आहे. कायदा आहे, शिपाई आहेत, तरी माणूस झोपताना दाराला कुलूप लावतो, एवढेच काय, घरातल्या पेटीलाही लावतो. मग शेजाऱ्यांविषयी आणि स्वतःच्या मुलामाणसांविषयी त्याचे मत काय असावे, असा प्रश्न हॉब्जने १६५१ साली ‘लेव्हायथन’मध्ये विचारला. उपनिषद आणि हॉब्ज यांचे निदान एकच आहे, भयाचे कारण दुसरा माणूस. उपाय मात्र वेगळे आहेत. एकीकडे त्याचे परकेपण संपवायचे, दुसरीकडे त्याला धाकात ठेवायचे.

आजच्या शहराने बव्हंशी दुसरा मार्ग धरला आहे आणि त्यात भर घातली आहे ती दुसऱ्याला बाहेरच ठेवण्याची. मुंबई-पुण्यातील मोठ्या सोसायटीच्या गेटवर हे जवळून दिसते. पार्सल घेऊन आलेला मुलगा वहीत नाव, मोबाइल नंबर आणि फ्लॅट नंबर लिहितो, वॉचमन वर फोन लावतो, मग त्याला मालाच्या लिफ्टकडे पाठवले जाते. घरकामाच्या बाईची पिशवी जाताना तपासली जाते. त्याच वेळी एखाद्या रहिवाशाची मोटार आली, तर बॅरिअर न विचारता वर जातो. या व्यवस्थेतून चोऱ्या टळतही असतील, आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांना तिचा खरोखर आधार वाटतो. तो आधार क्षुल्लक नाही. पण इथे भय नाहीसे झालेले नसते. ते गेटच्या आतून बाहेर सरकते आणि रोज संशय झेलून पोट भरणाऱ्यांच्या वाट्याला येते. आपल्याला भय नसणे ही अभयाची निम्मी बाजू झाली. जैन परंपरेने अभयदानाला श्रेष्ठ दान मानले, कारण आपल्यापासून दुसऱ्याला भय नसणे ही उरलेली बाजू आहे.

संशयाला कायद्याचे रूप दिले की काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. पोलिसांकडे हजेरी लावणे, परवान्याशिवाय गाव न सोडणे, सोलापूरच्या सेटलमेंटसारख्या तारेच्या कुंपणात राहणे हे पारधी, कैकाडी अशा समाजांच्या नशिबी आले. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला. तरीही कुठे चोरी झाली की पारध्यांच्या पालावर धाड पडण्याची रीत संपली नाही. एका वस्तीच्या निश्चिंतीची किंमत दुसऱ्या वस्तीने मोजायची, हा अन्याय आहे, आणि चोऱ्या कमी झाल्याने तो न्याय्य ठरत नाही.

दीघनिकाय या बौद्ध ग्रंथातील कूटदंत सुत्तात संशय आणि शिक्षेपलीकडचा विचार आहे. राज्यात लूटमार माजलेली असताना राजा महाविजिताला मोठा यज्ञ करायचा आहे. त्याचा पुरोहित सांगतो, की फाशी, कैद आणि हद्दपारी यांनी लुटारू संपणार नाहीत. जे उरतील ते पुन्हा त्रास देतील. त्यापेक्षा शेतकऱ्याला बियाणे द्यावे, व्यापाऱ्याला भांडवल, राजाच्या नोकरांना पगार. राजा तसे करतो आणि लोक दारे उघडी टाकून राहू लागतात. प्रत्येक चोर उपाशी असतो असा याचा अर्थ नव्हे. पोट भरलेले लोकही लुबाडतात, आणि त्यांच्यासाठी शिक्षा लागतेच. पण दंडाच्या आधी पोटाचा विचार करणारी ही कथा सुरक्षिततेची जबाबदारी चोराइतकीच राजावरही टाकते.

ओळख वाढवून परकेपण कमी करण्याचा एक प्रयोग भिवंडीत झाला. १९७० आणि १९८४ च्या हिंदू-मुस्लिम दंगलींनी हे यंत्रमागांचे शहर होरपळले होते. १९८८ नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही धर्मांचे सामान्य रहिवासी पोलिसांसह नियमित एकत्र बसू लागले, आणि नळापासून भांडणतंट्यापर्यंत सगळे तिथे बोलले जाऊ लागले. १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना आणि तिथे सुमारे ९०० माणसे मरत असताना भिवंडी शांत राहिली. अमेरिकन लेखिका जेन जेकब्ज यांनी १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यांविषयी हेच मांडले होते, की दुकानदार आणि खिडकीतून पाहणारे शेजारी रस्ता जितका राखतात तितका पोलीस राखू शकत नाहीत.

या मार्गालाही मर्यादा आहे, आणि ती गंभीर आहे. देशात स्त्रियांविरुद्ध नोंदल्या जाणाऱ्या गुन्ह्यांत सर्वांत मोठा वाटा पती किंवा सासरच्यांकडून होणाऱ्या छळाचा असतो, आणि बलात्काराच्या बहुतेक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. इथे भय देणारा गेटच्या आतला, आपलाच माणूस आहे. गेटवरची वही त्याला अडवू शकत नाही, आणि निव्वळ ओळख तर त्याच्या पथ्यावरच पडते, कारण ‘त्यांच्या घरातली गोष्ट’ म्हणून शेजारी टीव्हीचा आवाज वाढवतात. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने ही सबब काढून घेतली आहे. हिंसा होत असल्याचे सकारण वाटल्यास कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो, आणि सद्भावनेने कळवणाऱ्यावर त्यासाठी कोणतीही कारवाई होऊ शकत नाही. अभयदान इथे भिंतीपलीकडचा आवाज ऐकणाऱ्या शेजाऱ्याच्या हाती आहे.