समूहनृत्यातील आनंद आणि विश्वास

अमेरिकेत १९८० च्या दशकात हार्डकोर पंक संगीताबरोबर रूढ झालेल्या ‘मॉशिंग’मध्ये श्रोते एकमेकांवर धडकतात आणि त्यात आनंद मानतात. नीत्शेच्या १८७२ मधील शोकात्मिकाविषयक विवेचनाच्या आधारे या आनंदाची उपपत्ती ‘अहंचा विलय’ अशी लावता येते. ती कितपत पुरेशी आहे, हे जव्हार-मोखाड्यातील तारपानृत्याच्या संदर्भात तपासणे उद्बोधक ठरेल.

वाळलेला भोपळा, बांबू व ताडपान यांपासून बनलेला तारपा वाजवणारा मध्यभागी असतो. नर्तक परस्परांच्या कमरेभोवती हात गुंफून त्याच्याभोवती फिरतात. सूर बदलला की पावले बदलतात. साखळीतील एकाचा तोल गेला तर भार शेजाऱ्यावर येतो. अहं खरोखरच विरला असता, तर हा भार पेलला कोणी असता? नर्तक आपला तोल दुसऱ्याच्या हवाली करतो आणि त्याचा स्वीकारतो.

मॉशिंगमधील धडक वरवर याच्या विरोधी भासते. परंतु पडलेल्याला तत्काळ उचलावे, हा तेथील अलिखित दंडक आहे. तो मोडला की उरते ती मारहाण. नैतिकता ही या आनंदावर बाहेरून घातलेली मर्यादा नसून त्याची घटक अट आहे. भेद इतकाच की, पाड्यावरचा विश्वास परिचयातून आलेला असतो, तर मॉशिंगमध्ये तो अनोळखी माणसांत दर वेळी नव्याने पणाला लागतो.

म्हणूनच तारपानृत्य महोत्सवाच्या रंगमंचावर येते तेव्हा प्रेक्षकाला आकृतिबंध दिसतो, आनंद मात्र साखळीतच राहतो. प्रेक्षकाने कोणाचाही भार पेललेला नसतो.