हवा मानवत नाही

समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील बंगळूरची हवा थंड म्हणून आम्ही बदली आनंदाने पत्करतो. आणि आमच्यांतील कित्येक दमेकऱ्यांना ती लवकरच छळू लागते. मग शहराला दूषणे देणे आलेच! वस्तुतः ज्या गाजरगवताच्या परागांनी येथे नाक चोंदते, छाती दाटते, त्याचा फैलाव भारतात प्रथम ध्यानात आला तो १९५५ च्या सुमारास, आमच्याच पुण्यात. असो. वैद्यकीय दाखला जोडून आम्हांला निदान बदली तरी मागता येते. पहाटे आमचा रस्ता झाडणाऱ्या बाईला धाप लागली, तर तिने अर्ज कोणाकडे करावा? आणि तिची विचारपूस करण्यापुरते कानडी तरी आम्हांपैकी कितीजणांस येते?