मागच्या सीटचा प्रश्न

"मुलाला नोकरी लागली आहे. तो स्पोर्ट्स मोटारसायकल घ्यायची म्हणतो आणि तीच रोज ऑफिसला नेणार म्हणतो. काय करावे?" असा प्रश्न आजकाल पुष्कळ घरांत निघतो. बेळगाव असो, इंदूर असो, बडोदे असो की हैदराबाद असो, उपासना संपल्यावर अंगणात उभ्या असलेल्या दुचाक्यांवर नजर टाकली की या प्रश्नाचे उत्तर अनेक घरांनी आपापल्या परीने देऊन टाकले आहे असे दिसते. कोणी हौस म्हणून गाडी घेऊन दिली, कोणी भीतीपोटी नाही म्हटले. परंतु हौस आणि भीती या दोहोंपलीकडे जाऊन या गोष्टीचा शांतपणे विचार करावा असे आम्हांस वाटते.

प्रथम ही गाडी मुळात कशासाठी घडली ते पाहू. १९८५ हे साल या बाबतीत ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी जपानच्या सुझुकी कंपनीने जीएसएक्स-आर ७५० ही गाडी बाजारात आणली. शर्यतीच्या गाडीचीच रस्त्यावर चालवता येईल अशी आवृत्ती म्हणून ती जगभर गाजली. त्याच वर्षी आपल्या देशात हिरो होंडा सीडी १०० आली. तिचे कौतुक होई ते थोड्या पेट्रोलात लांब जाण्याबद्दल. यामाहा आरएक्स १०० हीदेखील त्याच वर्षीची, आणि ती मुलांना आवडे ती पिकअपसाठी. म्हणजे वेगाची आवड आजच्या मुलांनीच शोधून काढली असे वडीलधाऱ्यांनी म्हणू नये. मात्र त्या दोन्ही गाड्या शंभर सी.सी.च्या आतल्या होत्या आणि त्यांच्यावर सरळ पाठीने बसता येत असे. पुढे २००८ साली यामाहा आर-१५ आली आणि २०१४ साली पुण्याजवळ चाकणला बनणारी केटीएम आरसी ३९० आली, तेव्हा शर्यतीची बैठक आपल्या गल्लीबोळांत शिरली. यांतील दुसऱ्या गाडीची ताकद सुमारे ४३ अश्वशक्ती. रोज कामावर जाणारा माणूस जी शंभर सी.सी.ची साधी गाडी वापरतो तिची साधारण ८. म्हणजे पाचपटीहून अधिक.

ही बैठक कशी असते? हँडल खाली आणि आखूड, पाय ठेवण्याची जागा मागे आणि उंच, छाती टाकीवर झुकलेली. वेग वाढला म्हणजे समोरचा वारा छातीला उचलून धरतो आणि हातांवरचा भार हलका होतो. शर्यतीच्या मैदानावर ती बैठक योग्यच आहे. पण गावातल्या गर्दीत ताशी वीस किलोमीटरने जाताना वारा मदतीला येत नाही. सारा भार मनगटांवर येतो. हँडल फार वळत नाही, म्हणून अरुंद बोळात गाडी मागेपुढे करावी लागते. सिग्नलला थांबले की इंजिनाची धग पायांना लागते. थोडक्यात, ही गाडी सावकाश जाणाऱ्याला त्रास देते आणि भरधाव जाणाऱ्याला सुख देते. नीतीच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हे. ज्या वस्तूसंगे आपण दररोज तासभर घालवतो ती आपल्या सवयी घडवीत असते. जी वस्तू संयमाला शिक्षा आणि घाईला बक्षीस देते, तिच्यासंगे संयमी राहणे अशक्य नाही. पण त्यासाठी दररोज नव्याने निश्चय करावा लागतो.

आता तरुणांची बाजूही न्यायाने ऐकली पाहिजे. ते म्हणतात, "या गाडीचे ब्रेक उत्तम असतात, टायर रुंद असतात, ती रस्त्याला धरून चालते." हे खरे आहे. परंतु एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी.हून मोठ्या सर्वच नव्या दुचाक्यांना चाक जाम न होऊ देणारी ए.बी.एस. ही ब्रेकची व्यवस्था सक्तीची झाली आहे. तेव्हा हा लाभ एकट्या स्पोर्ट्स गाडीचा उरला नाही. शिवाय उत्तम ब्रेकांनासुद्धा निसर्गाचा नियम मोडता येत नाही. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला चौपट अंतर लागते. ताशी ४० च्या वेगाने गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते, ८० च्या वेगाने २२ मीटर. आणि ब्रेक दाबावा हे मनात येऊन हात हलेपर्यंत तो एक सेकंद बहुधा गेलेलाच असतो.

ते असेही म्हणतात, "पैसे आमचे, जीव आमचा, मग इतरांनी का बोलावे?" या प्रश्नापाशी जरा थांबले पाहिजे. कष्टाने मिळवलेल्या पैशातून मनाजोगी वस्तू घेण्यात काही वाईट नाही. सुंदर घडवलेल्या यंत्रावर प्रीती करणे हे पाप आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण "जीव आमचा" हे म्हणणे रस्त्यावर टिकत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती, तर १९ टक्क्यांहून अधिक पायी चालणारी होती. पायी चालणाऱ्याने कोणाची गाडी निवडलेली नसते. हेल्मेट नसताना मृत्यू पावलेल्यांची त्या वर्षीची संख्या ५०,०२९ होती, आणि त्यांपैकी १४,३३७ जण गाडी चालवीत नव्हते. ते मागे बसले होते. यांतील किती अपघात स्पोर्ट्स गाड्यांचे, हे त्या आकड्यांतून ठरत नाही आणि आम्ही तसा आरोपही करीत नाही. पण दुचाकीची चूक तिच्या मालकापुरती राहत नाही, एवढे त्यांवरून स्पष्ट होते.

विम्याच्या कायद्याने ही गोष्ट फार पूर्वीच ओळखली. स्वतःच्या गाडीचा विमा उतरवा अगर उतरवू नका, ती तुमची मर्जी. पण तिसऱ्या पक्षाचा, म्हणजे तुमच्या गाडीने ज्याला इजा होईल त्याचा, विमा सक्तीचा आहे. जून २०२२ मध्ये लागू झालेल्या दरांत त्याचा वर्षाचा हप्ता ७५ ते १५० सी.सी.च्या दुचाकीस ७१४ रुपये, १५० ते ३५० पर्यंत १,३६६ रुपये आणि त्यावर २,८०४ रुपये असा ठेवला होता. मालक किती सज्जन आहे हे हप्ता ठरवताना विचारले जात नाही. इंजिन केवढे आहे हे विचारले जाते. इंजिन मोठे तसा परक्याला असणारा धोका मोठा, हे त्या रुक्ष तक्त्यातसुद्धा मान्य केलेले आहे. मग ते आपल्या विवेकाला मान्य नसावे काय?

तिसऱ्याचा विचार झाला, आता दुसऱ्याचा करू. दुसरा म्हणजे मागे बसणारा. आमच्या मते या साऱ्या प्रश्नाची किल्ली मागच्या सीटवर आहे. स्पोर्ट्स गाडीची मागची सीट वीतभर रुंद, उंच आणि उतरती असते. धरायला धड जागा नसते. आई तिच्यावर बसू शकत नाही, आजोबांचा तर प्रश्नच नाही, आणि साडी नेसलेल्या बाईला तिच्यावर एका बाजूने बसणे म्हणजे शिक्षाच. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ क्रमांकाचा नियम असे सांगतो की, मागे बसणाऱ्यास धरायला पक्की मूठ आणि पाय ठेवायला जागा असावी, आणि त्याचे कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकलेला असावा. ज्याला आपण साडीगार्ड म्हणतो ते हेच. पुष्कळ तरुण गाडी घरी येताच ते काढून टाकतात, कारण त्याने गाडीची शोभा जाते. पण ज्याच्यासाठी ते लावले होते त्याला आपण मनातून आधीच खाली उतरवले, हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

आपल्याकडे दुचाकी ही एकट्याची वस्तू कधीच नव्हती. सकाळी लेकराला शाळेत सोडणे, दुपारी दळण आणणे, रात्री-अपरात्री शेजाऱ्याला दवाखान्यात नेणे, ही कामे तिनेच केली. "मला चौकापर्यंत डबलसीट सोडशील का?" या साध्या विचारण्यात शेजारधर्म असतो. गोव्यात तर मोटारसायकलवर उतारू नेणाऱ्यास 'पायलट' म्हणतात. पिवळ्या मडगार्डवरून त्याची गाडी ओळखू येते. त्याचे पोट मागच्या सीटवर अवलंबून असते, म्हणून परक्या माणसाला सुखरूप उतरवणे हाच त्याचा धंदा. शर्यतीच्या गाडीवर बसणारा एकटाच असतो आणि पुढेच पाहतो. मैदानावर ते शोभते. पण रोजच्या रस्त्यावर जो एकट्यासाठीच बसायची सवय लावून घेतो, तो हळूहळू इतरांसाठी थांबायचे विसरतो.

याचा अर्थ ही गाडी कोणी घेऊच नये असा नाही. सावधपणे, हेल्मेट घालून, सायलेन्सरला हात न लावता ती वर्षानुवर्षे चालवणारी माणसेही असतात. वेगाचा आनंद घ्यायचा तर त्यासाठी जागाही आहेत: चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टाई येथे १९९० पासून आणि कोइंबतूर येथे २००३ पासून शर्यतीचे मार्ग आहेत. तिथे समोरून हातगाडी येत नाही, शाळा सुटत नाही. आनंदाला त्याची जागा मिळाली म्हणजे तो निर्मळ राहतो.

घरच्यांनीही काही गोष्टी ध्यानात घ्याव्यात. युरोपीय संघाच्या देशांत २०१३ पासून मोटारसायकलच्या परवान्याच्या पायऱ्या आहेत: आधी लहान ताकदीची गाडी, मग मध्यम, आणि अमर्याद ताकदीची गाडी चालवायला मधली पायरी दोन वर्षे सांभाळलेली असावी, नाहीतर वय साधारण २४ व्हावे लागते. आपल्याकडे अठराव्या वर्षी शंभर सी.सी.वर परीक्षा देणारा मुलगा दुसऱ्या दिवशी चौपट मोठी गाडी चालवू शकतो. कायद्याने जी पायरी बांधली नाही ती घराने बांधावी. अठरा वर्षांखालील मुलाच्या हाती किल्ली देणे तर आता घरच्यांनाच महाग पडते. २०१९ च्या दुरुस्तीने अशा गुन्ह्यास पालक अथवा गाडीचा मालक जबाबदार धरला जातो. २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि मुलाला उपदेश करण्यापूर्वी वडिलांनी आपल्या मोटारीकडेही एकदा पाहावे. गरजेहून मोठी वस्तू शेजाऱ्याच्या डोळ्यांत भरावी म्हणून घेणे हा काही तरुणांचाच दोष नाही.

रविवारच्या शाळेच्या शिक्षकांना आमची एक सूचना आहे. मोठ्या मुलांशी हा विषय निघाला तर लगेच रागावू नये. त्यांना तीन प्रश्न विचारावेत: तुझी चूक झाली तर तिची किंमत कोण देईल? या गाडीवर सावकाश जाणे तुला सोपे वाटेल की कठीण? आणि मागे कोण बसणार? उत्तरे त्यांची त्यांना शोधू द्यावीत. ज्याच्या घरी गाडी घ्यायचे ठरले आहे त्याने दुकानातून चाचणीसाठी गाडी मिळेल तेव्हा मित्राला न नेता आईला न्यावे. तिला मागे बसवून बाजारपेठेतून घरापर्यंत एक फेरी मारावी, आणि उतरल्यावर ती काय म्हणते ते ऐकून मगच पैसे भरावेत.