शांतता आणि शांती

काही वर्षांपूर्वी शाब्बाथशाळेच्या शिक्षकांचे एक शिबिर होते. तेथे आम्ही सर्वांना एकेक कोरा कागद दिला आणि सांगितले, "शांती म्हणजे काय ते एका वाक्यात लिहा." कागद गोळा करून वाचले तेव्हा बहुतेकांचे उत्तर एकच निघाले: भांडणतंटा नसणे. कोणी 'आरडाओरडा नसणे' असे लिहिले होते, कोणी 'युद्ध नसणे'. एका वयस्क शिक्षकांनी 'रविवारी दुपारी मुले झोपल्यावर घरात जे असते ते' असे लिहिले होते, आणि त्यावर आम्ही सर्व मनापासून हसलो. आम्हांला कोणी विचारले असते तर आम्हीही याहून निराळे काही लिहिले नसते.

पण गंमत अशी की आपली मराठी भाषा या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणी आहे. तिच्याजवळ दोन शब्द आहेत. वर्गात गुरुजी टेबलावर छडी आपटून म्हणतात, "शांतता!" सणासुदीच्या आधी पोलीस ठाण्यात बैठक भरते ती शांतता समितीची. परंतु उपासना संपताना पाळकसाहेब हात वर करून आशीर्वाद देतात तेव्हा ते मंडळीला शांतता देत नाहीत, शांती देतात. शांतता छडीने मिळते, बंदुकीने मिळते. घाबरलेल्या माणसाकडून तर ती न मागता मिळते. शांती अशी मिळत नाही. बोलताना आपण या दोन शब्दांची अदलाबदल सहसा करत नाही. विचार करताना मात्र सर्रास करतो.

जुन्या करारातला इब्री शब्द आहे शालोम. पूर्ण असणे, कशात काही उणे नसणे, हा त्याच्या मुळाशी असलेला अर्थ. याकोबाने योसेफाला शखेमाकडे धाडले ते भावांचे आणि कळपाचे शालोम पाहून येण्यासाठी (उत्पत्ती ३७:१४). म्हणजे मेंढरांचेही शालोम असते. चारा मिळतो का, पाणी जवळ आहे का, एखादे लंगडते का, हे सर्व त्यात आले. याहून विलक्षण जागा २ शमुवेल ११:७ ही आहे. रणांगणावरून बोलावून आणलेल्या उरीयाला दावीद राजा यवाबाची, लोकांची आणि लढाईची खुशाली विचारतो. मुळात तिन्ही ठिकाणी शालोम हाच शब्द आहे. लढाईचे शालोम! आणि विचारणारा कोण, तर ज्याने या माणसाचे घर आधीच मोडले आहे आणि जो दोनतीन दिवसांत त्याच्याच हाती त्याच्या मरणाचे पत्र देणार आहे, तो राजा. राजवाड्यात त्या वेळी कोणी आवाज चढवला नव्हता. पूर्ण शांतता होती.

हा भेद विसाव्या शतकातल्या विद्वानांनी नीट मांडून ठेवला आहे. नॉर्वेचे योहान गाल्टुंग (१९३०–२०२४) यांनी १९५९ साली ऑस्लोमध्ये शांततेच्या अभ्यासाची संस्था उभारण्यात पुढाकार घेतला. १९६९ साली त्यांनी एक निबंध लिहिला, त्याची चर्चा अजून थांबलेली नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. हिंसा दोन प्रकारची असते. एकीत मारणारा दिसतो. दुसरीत मारणारा कोणीच दिसत नाही, पण माणसे मात्र अकाली मरतात, खुरटतात, कारण समाजाची घडणच तशी असते. अठराव्या शतकात कोणी क्षयाने मेला तर त्याला हिंसा म्हणता येणार नाही, कारण औषधच नव्हते. पण औषध हाताशी असताना आज कोणी क्षयाने मरत असेल, तर गाल्टुंग त्याला हिंसा म्हणतात. पहिली हिंसा थांबली की जी येते ती अपुरी शांती, दुसरीही गेली तरच ती खरी. गांधीजींच्या विचारांचा त्यांनी तरुणपणीच अभ्यास केला होता, हे येथे सांगितले पाहिजे.

हे सर्व पुस्तकी वाटू नये म्हणून एक ठिकाण घेऊ. वापीहून सिल्वासाला जाताना वाटेत दादरा लागते. दादऱ्याची तीन गावे आणि पलीकडे नगरहवेलीची एकोणसत्तर, असा हा मुलूख. २६ जानेवारी २०२० पासून तो दमण आणि दीव यांच्यासह एकच केंद्रशासित प्रदेश झाला आहे. पोर्तुगिजांकडे तो गेला तो पेशव्यांमुळे. १७७९ च्या तहात बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे त्यांना द्यायचे ठरले आणि पुढे नगरहवेली १७८३ मध्ये व दादरा १७८५ मध्ये त्यांच्या हाती आले. गावांना कोणी विचारले नाही. ती रकमेच्या हिशोबात गेली.

जुलै १९५४ मध्ये, २२ तारखेच्या सुमारास, रात्री युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स या संघटनेची माणसे दादऱ्याच्या पोलीस ठाण्यावर चालून गेली. त्यांचे पुढारी फ्रान्सिस मस्कारेन्हस. ठाण्यात मूठभर शिपाई. पोर्तुगीज चाकरीतला पोलीस अधिकारी आनिसेतु रोझारियु त्या हल्ल्यात मारला गेला आणि सकाळी दादरा मुक्त झाले होते. त्यानंतर २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. तेथे आझाद गोमंतक दल आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक होते, आणि त्यांत आपले संगीतकार सुधीर फडके हेही होते. ११ ऑगस्टला पोर्तुगीज कारभारी कॅप्टन फिदाल्गु शरण आला. सिल्वाशात २ ऑगस्ट हा मुक्तिदिन म्हणून पाळतात, तो योग्यच आहे. परक्या राजाची सत्ता गेली याचे दुःख कोणालाही नव्हते आणि नसावे.

तरी ती दोन नावे आमच्या मनातून जात नाहीत. मस्कारेन्हस आणि रोझारियु. दोन्ही नावे बाप्तिस्म्याच्या पाण्यातून आलेली. एक ठाण्याच्या बाहेर, एक आत. शांतीविषयी शाब्बाथशाळेत जे शिकवतात ते दोघांनीही लहानपणी कोठल्यातरी बाकावर बसून ऐकले असेल. मुक्तिदिनाच्या भाषणांत पहिल्या नावाला जागा असते, दुसऱ्याला सहसा नसते. यात आश्चर्य नाही. पण आम्ही ज्या ग्रंथाचे वाचक आहोत त्यात उरीयाचे नाव खोडलेले नाही. उलट मत्तयाच्या वंशावळीत बथशेबेचे नाव न घालता उरीयाच्या बायकोचा उल्लेख केला आहे. राजाच्या वंशावळीत मारल्या गेलेल्याचे नाव असे अडून बसले आहे.

आता त्या रात्रीच्या आधीचे पाहा. नगरहवेलीला लागून असलेल्या उंबरगाव-डहाणूच्या पट्ट्यात वारली राहतात, आणि हवेलीतही तेच वारली. सीमा नकाशावर होती. इंग्रजांच्या बाजूला जमीनदार वारल्यांकडून वेठ घेत. ज्याने लग्नासाठी कर्ज काढले तो सावकाराचा 'लग्नगडी' होई, आणि ते कर्ज फिटेपर्यंत, म्हणजे पुष्कळदा मरेपर्यंत, नवराबायको दोघे त्याच्याकडे राबत. गोदावरी परुळेकरांनी हे सर्व 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिले आहे. ते १९७० साली निघाले आणि १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आमच्या शिक्षकांनी ते जरूर मिळवून वाचावे. १९४५ च्या मे महिन्यात झरी गावच्या परिषदेत वारल्यांनी वेठीला नकार दिला. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि जेठ्या गांगड याच्यासह पाच जण मेले. ठाणे जिल्ह्यात 'शांतताभंग' झाला तो या वेळी! त्याआधीच्या पिढ्यान्पिढ्यांच्या वेठीत कोणत्याही ठाण्यात शांतताभंगाची नोंद झालेली नव्हती. यिर्मयाने ज्यांना सुनावले (६:१४) ते लोक असेच नोंदवह्या सांभाळणारे असावेत. संत ऑगस्टीनने 'देवाचे नगर' या ग्रंथात म्हटले आहे की दरोडेखोरांनाही आपल्या टोळीत शांतता हवीच असते. जमीनदारालाही ती हवी होती.

येथे आपल्याच घरातली एक गोष्ट. डहाणूत ज्या मिशनने काम केले ते चर्च ऑफ द ब्रेदरनचे. त्यांचे पहिले मिशनरी १८९४ मध्ये बलसाडला आले आणि १९७० साली त्यांच्या मंडळ्या उत्तर भारतातील संयुक्त चर्चमध्ये सामील झाल्या. क्वेकर आणि मेनोनाइट यांच्याप्रमाणे हे लोक शस्त्र न धरण्याचे व्रत पाळणारे. त्यांनी दवाखाना चालवला, शाळा काढल्या. पण विचार करा, वारल्यांच्या पाड्यात शस्त्र न धरण्याच्या व्रताला काय अर्थ उरतो? तेथे शस्त्र धरायला कोणी सांगतच नव्हते. तेथील प्रश्न कर्जाच्या वहीचा होता. शांतीची शिकवण एका प्रकारच्या हिंसेसाठी घडवलेली असते आणि समोर दुसरीच येऊन उभी राहते. हे त्यांचेच नव्हे, आपलेही झालेले आहे.

मग असे म्हणावे का की रचनेतल्या हिंसेपुढे दादऱ्याच्या ठाण्यातला एक मृत्यू म्हणजे काहीच नाही? असे म्हणणारे पुष्कळ आहेत आणि गाल्टुंगांचे नाव घेऊनच म्हणतात. येथेच आम्हांला केनेथ बोल्डिंग यांची आठवण होते. ते अर्थशास्त्रज्ञ होते, क्वेकर होते आणि गाल्टुंगांचे स्नेही होते. १९७७ साली त्यांनी गाल्टुंगांशी बारा 'मैत्रीची भांडणे' मांडणारा लेख लिहिला. गरिबी आणि मारहाण यांना एकच नाव दिले तर दोन्ही कशा घडतात ते कळेनासे होते, अशी त्यांची तक्रार. आम्हांला ती निम्मी पटते. निम्मी पटत नाही, कारण लग्नगड्याचे कर्ज ही नुसती गरिबी नव्हती; त्यामागे वही होती, वहीमागे मुकादम होता आणि मुकादमामागे पोलीस. पण दुसरी निम्मी पटते. सगळ्याच गोष्टी हिंसा ठरल्या की सुरी चालवणारा सहज म्हणू शकतो की हिंसा आधीच चालू होती, मी फक्त उत्तर दिले. रोझारियुने वारल्यांची वेठ सुरू केली नव्हती. त्याच्या मृत्यूने ती संपणारही नव्हती. दोन्ही हिशोब खरे आहेत, आणि एकाची जमा दुसऱ्याच्या नावे मांडता येत नाही.

कोणी यशापयशाचा मुद्दा काढील. एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन यांनी २०११ च्या पुस्तकात १९०० ते २००६ या काळातल्या ३२३ लढ्यांची मोजणी केली. निःशस्त्र लढ्यांपैकी ५३ टक्के यशस्वी झाले, सशस्त्रांपैकी २६ टक्के. आकडे सुखावणारे आहेत. पण दादऱ्यात हत्यारे एका रात्रीत यशस्वी झाली, आणि १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या हद्दीत निःशस्त्र शिरलेल्या सत्याग्रहींपैकी वीसहून अधिक जण गोळ्यांना बळी पडले. गोवा मिळाला तो १९६१ मध्ये सैन्यामुळे. आपण यशासाठीच अहिंसा शिकवत असू तर मुले हे दोन दाखले पुढे करतील तेव्हा गप्प बसावे लागेल.

पुढे पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला. १२ एप्रिल १९६० ला निकाल लागला. पेशव्यांच्या वेळचे कागद तेथे वाचले गेले आणि गावांचे उत्पन्न दिले होते, राज्य नव्हे, असे ठरले. खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांना भारतातून वाट मिळण्याचा हक्क होता, शस्त्रांना नव्हता. आणि १९५४ मध्ये भारताने वाट अडवली त्यात त्याच्यावरील बंधनाचा भंग झाला नाही. इतक्या बारकाईने चाललेल्या त्या खटल्यात विषय होता तो वाटेचा. वारल्याच्या जमिनीचा नव्हता. दादरा-नगरहवेलीसाठी जमीनसुधारणेचा कायदा आला तो १९७१ मध्ये, झेंडा बदलल्यावर सतरा वर्षांनी. ती सतरा वर्षे तेथे शांतता होती.

हे सर्व लिहिताना आमच्या डोळ्यांसमोर एक घर आहे. अनेक वर्षे आम्ही तरुण जोडप्यांना त्या घराचे उदाहरण देत होतो. कधी भांड्याला भांडे लागल्याचा आवाज नाही, मुले शिस्तीची, प्रार्थना नेमाने. दारात उभे राहून आम्ही विचारत असू, "काय, सगळे ठीक ना?" आणि ठीक असल्याचे उत्तर मिळे. पुष्कळ उशिरा कळले की त्या घरात आवाज नव्हता, कारण बाईंनी बोलणेच सोडून दिले होते. हात कोणी उगारला नव्हता. पैसे, माहेर, औषध, सगळ्याला परवानगी लागत होती, इतकेच. आम्ही विचारत होतो शांतीबद्दल आणि पाहत होतो शांतता.

पुढच्या शिबिरात आम्ही प्रश्न बदलणार आहोत. तुमच्या माहितीतले सर्वांत शांत घर कोणते, आणि त्या घरात कोण बोलत नाही? एका शिक्षिकेला हे सांगितले तेव्हा त्या थोडा वेळ थांबून म्हणाल्या की हा प्रश्न मुलांना विचारायचा असेल तर लेखी विचारू नका. वही घरी जाते.