झाकलेल्या कामाची नीती

ज्या कामाची परीक्षा दुसऱ्या कोणास करता येत नाही, ते चोख करण्याचे बंधन मनुष्यावर कितपत आहे, हा नीतिशास्त्रातील जुना प्रश्न होय. त्याच्या विवेचनास बहुधा मोठमोठ्या प्रसंगांचा आधार घेतात. आम्हांस येथे एका कारखान्यातील साध्या कृतीचा आधार पुरेसा वाटतो.

नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याहून धडगाव-तोरणमाळाकडे जाणाऱ्या गाड्यांना सातपुड्याचा घाट चढावा लागतो. या चढणीवर इंजिन तापते, आणि तेथेच हेड गॅस्केटची कसोटी लागते. इंजिनाचा ठोकळा व त्यावरील हेड यांच्यामध्ये बसविलेला हा पातळ थर जळता वायू, थंडाव्याचे पाणी व वंगणाचे तेल यांस एकमेकांत मिसळू देत नाही. तो बदलल्यावर हेडचे बोल्ट आवळण्याची एक ठरलेली रीत आहे. सामान्यतः आरंभ मध्यापासून करावा, दोहों बाजूंस आळीपाळीने कडेकडे जावे, आणि कोणताही बोल्ट एकदम न आवळता दोन-तीन फेऱ्यांत नेमलेल्या मापास आणावा. एखादा अति आवळला व शेजारचा सैल राहिला, तर दाब विषम होतो आणि गॅस्केट फुटते. येथे बळापेक्षा समतेचे महत्त्व अधिक.

मोजणीचा पान्हा हाती असला म्हणजे झाले, असेही नव्हे. आवळण्यासाठी लावलेल्या जोरापैकी सुमारे नऊ-दशांश घर्षणातच खर्च होतो. बोल्टास ताणून पकड देण्याच्या कामी उरतो तो एक-दशांश. आटे मळलेले किंवा गंजलेले असतील, तर पान्ह्यावरील आकडा बरोबर येतो, पण पकड मात्र ढिली राहते. नियमाचे अक्षर पाळूनही त्याचा हेतू कसा बुडतो, याचे याहून स्वच्छ उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

कोणी म्हणेल, मिस्त्री स्वार्थासाठीच काम नीट करील. वाईट केले तर गिऱ्हाईक तुटेल. परंतु हा दोष कित्येकदा महिन्यांनी उघड होतो, आणि तोवर खापर उन्हावर, चढणीवर किंवा ड्रायव्हरवर फुटते. म्हणजे स्वार्थाचा पहारा येथे अपुरा आहे. मग बंधन कोणाचे? धडगावहून आजाऱ्यास घेऊन घाट उतरणाऱ्या गाडीतील मंडळींना बोल्टाचे नावही माहीत नसते. त्यांना परीक्षा करता येत नाही, म्हणूनच त्यांचा विश्वास मिस्त्रीवर ऋण होऊन राहतो. ज्ञान जितके एका बाजूस, तितके कर्तव्यही त्याच बाजूस अधिक, असे आमचे मत आहे.

मात्र सारा भार मिस्त्रीच्या माथी मारणे हाही अन्यायच होय. आटे साफ करण्यास वेळ लागतो, मोजणीच्या पान्ह्यास पैसा लागतो. "संध्याकाळपर्यंत गाडी हवी, आणि मजुरी कमी करा," असे म्हणणारा सुशिक्षित मालक त्या सैल बोल्टाचा निम्मा धनी नव्हे काय? झाकलेल्या कामात प्रामाणिकपणा हवा असेल, तर त्यास लागणारा वेळ व दाम देण्याची तयारी आपण प्रथम ठेविली पाहिजे.