चीवर आणि साडी

आईच्या शेवटच्या आठ महिन्यांत आमच्याकडे एक बाई येत होत्या. कामशेतला सकाळची लोकल धरायची, कान्हे, वडगाव, तळेगाव, घोरावाडी मागे टाकत बेगडेवाडीला उतरायचं आणि आठच्या आत आईच्या उशाशी हजर. बारा तासांचं काम. गाडीत कोणी विचारलं, कुठे निघालीस, तर त्यांचं उत्तर ठरलेलं : पेशंटकडे. त्या चाळिशीच्या, मी पंचावन्नचा. तरी मी त्यांना मावशी म्हणायचो. आई म्हणायची, पोरी.

आजारपण आलं की आपल्या तोंडी नात्यांचे शब्द भराभर येतात. नर्स दिसली की सिस्टर, वॉर्ड झाडणारी मावशी, स्ट्रेचर ढकलणारा मामा. डॉक्टरांना मात्र कोणी काका म्हणत नाही, ते डॉक्टरसाहेबच राहतात. ज्यांचा हात मलमूत्राला लागतो, नेमक्या त्यांच्याशीच आपण नातं जोडतो. यात आपुलकी नसते असं नाही, पण सोयही असते. नात्यातल्या माणसाकडे काहीही मागता येतं आणि त्याचा हिशेब ठेवावा लागत नाही.

एकदा मावशींनी चार दिवस सुट्टी मागितली. त्यांच्या सासूबाई पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं. आमच्या घरात पहिला प्रश्न निघाला तो ‘मग आईकडे कोण बघणार?’ हा. बदली बाई मिळेपर्यंत थांबा, असं मीच सांगितलं. त्या दोन दिवस थांबल्या, मग गेल्या. महिनाअखेरीस मी चार दिवसांचे पैसे कापले. मावशी अशी हाक मारताना कधी न आठवलेला हिशेब त्या दिवशी बरोबर आठवला.

बेगडेवाडीहून घोरावडेश्वराचा डोंगर दिसतो. महाशिवरात्रीला तिथे गर्दी लोटते. महादेव ज्या लेण्यांत आहे ती लेणी मुळात बौद्ध भिक्षूंची. अभ्यासक त्यांना शेलारवाडीची लेणी म्हणतात. तिथल्या एका ब्राह्मी लेखात, धेनुकाकट इथल्या एका शेतकऱ्याच्या बायकोने मुलासह लेणं दान दिल्याची नोंद आहे. पुढच्याच स्टेशनावर, देहूरोडला, २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. बुद्धाचं नाव या भागाला नवीन नाही. म्हणूनच विनयपिटकाच्या, म्हणजे भिक्षूंच्या नियमग्रंथाच्या, महावग्ग या भागातली एक कथा मला इथे बसून वाचताना परक्या मुलखातली वाटली नाही.

एका भिक्षूला हगवण लागली होती. तो आपल्याच घाणीत पडून होता आणि कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हतं. बुद्ध आपला शिष्य आनंद याला घेऊन फिरत तिथे आले. आनंदाने पाणी आणलं, बुद्धांनी ते ओतलं, दोघांनी मिळून त्याला धुतलं आणि उचलून खाटेवर निजवलं. मग संघाला बोलावून कारण विचारलं. भिक्षूंचं उत्तर अगदी व्यवहारी होतं : हा आमच्या कधी उपयोगी पडला नाही, म्हणून आम्ही याचं करत नाही. त्यावर बुद्धांनी त्यांना समजावलं, की तुम्हाला इथे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांचं केलं नाहीत तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करावीशी वाटते, त्याने आजाऱ्याची करावी.

ही कथा बहुतेक वेळा इथेच थांबवली जाते. महावग्ग थांबत नाही. चांगल्या परिचारकाचे पाच गुण तिथे लगेच सांगितले आहेत : औषध तयार करता यावं, पथ्य-अपथ्य कळावं, मलमूत्र-ओकारीची किळस वाटू नये, धर्माच्या गोष्टींनी धीर देता यावा आणि हे सगळं लाभावर डोळा ठेवून न करता मैत्रीने करावं. आणि त्याच्या पुढच्याच प्रकरणात नियम येतो : आजारी भिक्षू वारला, तर त्याचं चीवर, म्हणजे अंगावरचं वस्त्र, आणि भिक्षापात्र संघाने त्याची शुश्रूषा करणाऱ्यांना द्यावं.

परिचारकाने लाभ मनात धरू नये. पण त्याचं देणं संघाने विसरू नये. पहिली गोष्ट त्याच्या मनाची, दुसरी समाजाच्या कर्तव्याची. आपण पहिलीचा आधार घेऊन दुसरी बुडवतो. सेवा म्हटली की पगाराचा विषय काढणं हलकेपणाचं ठरतं. प्लेगच्या रोग्यांसाठी राबताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या. तो त्याग त्यांनी स्वतः निवडला होता. तो दाखला सांगून दुसऱ्याच्या लेकीकडून कमी पगारात रात्रपाळ्या करून घेणं, हा सावित्रीबाईंचा मान नव्हे. करोनाच्या साथीत, २२ मार्च २०२० ला, आपण डॉक्टर-नर्सच्या कौतुकासाठी थाळ्या वाजवल्या. त्याच्या चार वर्षं आधी, जानेवारी २०१६ मध्ये, खासगी इस्पितळांतल्या नर्सच्या पगाराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. त्यातून नेमलेल्या केंद्राच्या समितीने सुचवलं, की दोनशेहून जास्त खाटांच्या इस्पितळाने सरकारी नर्सइतका पगार द्यावा आणि पन्नासहून कमी खाटांच्या इस्पितळानेही वीस हजारांच्या खाली जाऊ नये. आरोग्य हा राज्यांचा विषय, म्हणून त्या शिफारशी राज्यांकडे गेल्या. नर्सिंग ब्युरोतून घरोघरी जाणाऱ्या बायांचा तर त्यात समावेशही नव्हता.

देणं फक्त पैशांचं असतं का? इथे अरुणा शानबाग यांचं नाव घ्यावंच लागतं. मुंबईच्या केईएम रुग्णालयातली ही पंचविशीतली परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका सफाई कामगाराने तिच्यावर अत्याचार केला, साखळीने गळा आवळला. खटला चालला तो लूट आणि खुनाच्या प्रयत्नाचा, बलात्काराचा नव्हे. त्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत ती रुग्णालयाच्या खाटेवर होती आणि नर्सच्या एकामागून एक पिढ्या तिचं करत होत्या. इतक्या वर्षांत तिच्या अंगाला एकही बेडसोर झाला नाही, याची नोंद सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातही आहे. पत्रकार पिंकी विराणी यांनी तिच्या दयामरणासाठी अर्ज केला, तेव्हा तिच्या वतीने कोणी बोलायचं, हाच प्रश्न होता. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने तो मान तिचं रोज करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला आणि त्यांना ती जगायला हवी होती. अर्ज फेटाळला गेला, पण जीवनाधार काढून घेण्याची वाट त्याच निकालाने काटेकोर अटींवर मोकळी केली.

मला हा निकाल चीवराच्या नियमाजवळचा वाटतो. जो करतो, त्याला हक्क येतो. मात्र मनाला एक टोचणी राहते. करणाऱ्यांची माया म्हणजे रोग्याची इच्छा नव्हे. शुश्रूषा या शब्दाचा मूळ अर्थच ऐकण्याची इच्छा असा आहे, आणि अरुणाचं ऐकण्याची सोय कोणाकडेच उरली नव्हती. २०१८ मध्ये घटनापीठाने माणसाला आपली इच्छा आधी लिहून ठेवण्याचा अधिकार मान्य केला. २०२३ पासून त्यासाठी दंडाधिकाऱ्याकडे जावं लागत नाही, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो.

आमच्या आईने काही लिहून ठेवलं नव्हतं. ती बोलली होती, फक्त आमच्याशी नाही. नाकातली नळी आता नको, असं तिने मावशींना दोनदा सांगितलं होतं. हे आम्हाला कळलं ती गेल्यावर. आधी का नाही सांगितलंत, म्हणून विचारलं, तर मावशी म्हणाल्या, “मी काय, कामाची बाई. घरच्यांच्या मधे कशी बोलणार?” आठ महिने ऐकण्याचं काम त्यांनी केलं आणि आम्ही मात्र त्यांना विचारत राहिलो ते आई किती जेवली, लघवी किती झाली एवढंच.

आई पहाटे गेली. त्याच दिवशी मावशींचं कामही गेलं. आम्ही पुढच्या महिन्याचा विचारसुद्धा केला नाही. तेराव्याला त्यांना बोलावलं, जेवू घातलं, चांगली जरीकाठाची साडी दिली. देताना माझे डोळे भरून आले होते. पिशवी घेऊन त्या लोणावळ्याच्या लोकलने गेल्या. साडी आमच्या खुशीची होती. चार दिवसांचे कापलेले पैसे त्या पिशवीत नव्हते.