बाळ झोपते कुठे?

मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा पंचेचाळिशीच्या घरात जातो. टिनाच्या छपराखाली निजलेल्या दहा दिवसांच्या बाळाचे त्या उन्हात काय होत असेल, हा विचार हवामानबदलाच्या चर्चेत क्वचितच येतो. वजनाच्या मानाने बाळाची त्वचा मोठ्यांपेक्षा जास्त, घाम मात्र कमी. त्यामुळे भोवतालची हवा तापली की अंगही चटकन तापते. त्याला पाणी मागता येत नाही की दुपटे बाजूला सारता येत नाही. त्याच्या वतीने हे सारे दुसऱ्या कुणीतरी ओळखावे लागते. म्हणून हवामानबदल आणि बालआरोग्य यांच्या संबंधात मला सर्वांत मोलाचे वाटते ते आरोग्यसेवकांचे प्रशिक्षण.

अहमदाबादेत मे 2010 मध्ये उष्णतेची भीषण लाट आली. तिथल्या एका रुग्णालयात नवजात बाळे उष्णतेने आजारी पडून अतिदक्षता विभागात दाखल होऊ लागली. डॉक्टरांनी नोंदी तपासल्या. बाळंतिणींचा कक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर, तापणाऱ्या गच्चीखाली होता. तो खालच्या मजल्यावर आणल्यावर अशी बाळे दाखल होण्याचे प्रमाण घटले. नवे औषध लागले नाही. ‘ताप किती आहे?’ याच्या जोडीला ‘बाळ झोपते कुठे?’ असे कुणीतरी विचारले, त्यातून मार्ग निघाला. 2013 मध्ये त्या शहराने उष्णतेचा कृती आराखडाही आखला. प्रशिक्षणाने शिकवायचा असतो तो ‘बाळ झोपते कुठे?’ हाच प्रश्न.

आणि तो विचारायला पदवी लागत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवले, त्या गावांतले नवजात मृत्यू निम्म्याहून खाली आले. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हे काम प्रसिद्ध केले, आणि पुढे आशाताईंच्या, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविकांच्या, गृहभेटी देशभर सुरू झाल्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला आशाताई तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा भेटते. हवामानबदलाचे शिक्षण द्यायचे तर ते या भेटींमध्येच मुरले पाहिजे.

या भेटींत आजवर भर राहिला तो बाळाला ऊब देण्यावर: टोपडे घाला, गुंडाळून ठेवा. तो योग्यच आहे, गारठ्याने बाळे दगावतात. पण मे महिन्यातल्या दुपारी तेच गुंडाळणे घातक ठरू शकते. तेव्हा बाळाच्या पोटाला आणि तळपायांना हात लावून पाहायला शिकवावे. दोन्ही तापलेले असतील तर भोवतालच्या उष्णतेची शंका घ्यावी. पोट तापलेले आणि पाय गार असतील तर जंतुसंसर्गाची. अंतिम निदान डॉक्टरच करतील आणि तापलेल्या बाळाला दवाखान्यात नेलेच पाहिजे. तरी जास्तीचे कपडे लगेच उतरवणे, बाळ छपराखालून सावलीच्या, वाऱ्याच्या जागी आणणे, आईला भरपूर पाणी प्यायला सांगणे हे वाट न पाहता करता येते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातही वरचे पाणी नको, अंगावरचे दूध वरचेवर पाजावे, हे सासूबाईंना पटवणे हेही कौशल्यच आहे, आणि त्याचाही सराव द्यावा लागतो.

आशाताईंवर आधीच कामांचा डोंगर आहे आणि मोबदला तुटपुंजा, ही तक्रार खरी आहे. हवामानबदल म्हणून आणखी एक रजिस्टर त्यांच्या हाती दिले तर साधणार काहीच नाही. केंद्राचा हवामानबदल व मानवी आरोग्यविषयक राष्ट्रीय कार्यक्रम 2019 पासून आहे. त्यातले ज्ञान वरून खाली जाते, तसे गावातले निरीक्षण खालून वर आले पाहिजे. एका वस्तीत लागोपाठ बाळे तापत असतील तर वैद्यकीय अधिकाऱ्याने आशाताईचे म्हणणे ऐकावे, ग्रामपंचायतीने छपरांचा आणि पाण्याचा विचार करावा. उपाय करण्याचा अधिकार नसेल, तर धोका ओळखायला शिकवून आपण तिच्या मनावरचे ओझेच वाढवतो.

वाढत्या उष्णतेत या बाळांचा काडीचाही वाटा नाही. त्यांच्या घरात पाऊल टाकणाऱ्या बाईला पुरेसे ज्ञान, वेळ, मोबदला आणि शब्दाला वजन देणे हे आपले कर्तव्य आहे, आणि पुढच्या उन्हाळ्याआधी ते आपल्या हातातलेही आहे.